बार्शी लाइट रेल्वे

बार्शी लाइट रेल्वे : महाराष्ट्राच्या सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर आणि सांगली या जिल्ह्यांतून जाणारा, मिरज व लातूर यांना पंढरपूर, कुर्डुवाडी व बार्शी या गावांमार्गे जोडणारा भूतपूर्व अरुंदमापी लोहमार्ग. दोन रुळांमधील अंतर २ फुट ६ इंच (०·७६२ मी.) असलेल्या या मार्गाचा पहिला टप्पा १८९७ मध्ये खुला झाला व शेवटचा १९२७ मध्ये. पूर्ण झाल्यावर त्याची लांबी सु. ३२५ किमी. (२०२ मैल) होती. इंग्लंडमध्ये नोंदलेल्या एका खाजगी कंपनीच्या मालकीचा हा मार्ग १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने ताब्यात घेतला व तो मध्य रेल्वेत समाविष्ट झाला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेचच त्याचे टप्प्याटप्प्याने रुंदमापी मार्गात रूपांतर झाले. बेताची रहदारी असलेल्या कोरडवाहू प्रदेशाला परवडेल एवढ्याच खर्चात लोहमार्ग कसा द्यावा, या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर म्हणून या मार्गाला रेल्वेच्या इतिहासात महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मुंबईहून आग्नेयीकडे जाणारा मुख्य मार्ग पुण्याच्या पुढे १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत व १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. पुढे १८७१ मध्ये तो रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. कुर्डुवाडी हे त्या वेळी एक सामान्य खेडे होते. तेथील स्थानकाला गावाचे नाव न देता ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. बार्शी ही या भागातील कापूस, तेलबिया व धान्य यांची मोठी बाजारपेठ. पण मुख्य मार्ग तिच्यापासून सु. ३५ किमी. दूर राहिला होता. गावाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द असलेली स्थानके महाराष्ट्रात अनेक आहेत. ज्या गावाचे नाव स्थानकाला असते ते गाव तेथे नसून, तेथून त्या गावाकडे जाणारा रस्ता निघतो, एवढाच त्याचा अर्थ. बार्शीचा माल बैलगाड्यांतून या स्थानकावर येई व तेथून मुंबईला रवाना होई. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील चिखलामुळे व उन्हाळ्यात वैरण-पाण्याच्या टंचाईमुळे ही गाडीवाहतूक मंदावत असे.

हा प्रदेश पर्जन्यछायेचा आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याची फार मोठी हानी झाली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात, दुष्काळग्रस्त भागांत धान्य वेळेवर पोहोचविण्याचे साधन म्हणून लोहमार्गांच्या विस्तारावर भर दिला. मात्र मुख्य मार्गांसारखे भारी रूळ, रुंद भराव व मोठे पूल आडवळणाच्या तालुक्यांसाठी बांधावयाचे, तर गुंतवलेल्या भांडवलावर पुरेसे उत्पन्न मिळण्याची शक्यता नव्हती. मुख्य मार्गाला माल आणून देणारे कमी खर्चाचे पोषक मार्ग काढणे हा त्यावरील उपाय होता.

कॅलथ्रॉप व कंपनीची स्थापना : या उपायाला निश्चित तांत्रिक रूप देण्याचे श्रेय एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याकडे जाते. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत भारतात आला. येथील वास्तव्यात पोषक मार्गांच्या शक्यतांचा त्याने अभ्यास केला व बार्शीसाठी अरुंदमापी मार्गाची योजना पुढे आणली. तिच्यासाठी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली व त्याच वर्षी भारतमंत्र्यांशी तिचा करार झाला. आगाऊ सूचना देऊन हा उपक्रम विकत घेण्याचा सरकारचा हक्क करारात राखून ठेवलेला होता.

‘लाइट’ म्हणजे हलका, हा शब्द येथे केवळ नावापुरता नव्हता. कॅलथ्रॉपच्या मते लोहमार्गाचा खर्च मुख्यतः एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे चाकांच्या एका आसावर येणारा भार. एंजिनाचा एखादा आस फार जड असेल, तर केवळ त्याच्यासाठी संपूर्ण मार्गावर भारी रूळ व मजबूत पूल घालावे लागतात. मग उरलेले डबे कितीही हलके असले, तरी खर्च वाचत नाही. म्हणून एंजिने, मालवाघिणी व प्रवासी डबे या सर्वांसाठी आसभाराची कमाल मर्यादा सारखीच, म्हणजे ५ टन ठेवावी, असे त्याने ठरविले. त्यामुळे हलके रूळ पुरेसे झाले आणि रुळांची सर्व ताकद उपयोगात आली. एंजिनाला पुरेसा जोर यावा यासाठी त्याचे वजन अनेक आसांवर विभागण्यात आले. लीड्स येथील किटसन कंपनीने बांधलेल्या पहिल्या एंजिनांना जोडलेल्या चालक चाकांच्या चार जोड्या व मागील बाजूस आधारचाकांच्या दोन जोड्या होत्या.

वाघिणी आणि डबे यांच्या बाबतीतही हेच सूत्र पाळले गेले. पोलादी पत्रा दाबून घडविलेल्या सांगाड्यांमुळे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी व तीत मावणारा माल अधिक, असे प्रमाण साधले. दोन बोग्यांवर टेकलेले हे लांब डबे तीव्र वळणांवरूनही सहज जात. मार्ग बांधण्यापूर्वी १८९६ मध्ये लीड्सजवळील न्यूले येथे खास रूळ टाकून या सामग्रीचे जाहीर प्रात्यक्षिक घडविण्यात आले. त्याकडे रेल्वे अभियंत्यांप्रमाणेच लष्करी क्षेत्राचेही लक्ष वेधले गेले. कारण थोड्या वेळात टाकता येणारा हलका मार्ग युद्धकाळीही उपयोगी पडणारा होता. पुढे कॅलथ्रॉपने इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली या १९०४ मध्ये सुरू झालेल्या लहान मार्गासाठी याच रुळमापाचा अवलंब केला. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. बार्शीचा मार्ग मात्र त्यानंतर सु. सात दशके चालू राहिला.

विस्तार : बार्शी रोड ते बार्शी हा टप्पा मार्च १८९७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्या वेळी दख्खनमध्ये १८९६–९७ चा दुष्काळ चालू होता. दुसरा टप्पा कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा. तो १९०६ मध्ये सुरू झाला. बार्शीच्या पूर्वेकडील विस्तार निजामाच्या हैदराबाद संस्थानात जाणारा होता. १९०७ मध्ये मार्ग कसबे तडवळे येथे पोहोचला व १९११ मध्ये लातूरला. पांगरी व येडशी यांच्या दरम्यान बालाघाटाच्या रांगेची चढण आहे. रामलिंग परिसरातील या घाटात अरुंदमापी मार्गाचा तीव्र वळणे घेण्याचा गुण विशेष उपयोगी पडला. अखेरचा व सर्वांत लांब टप्पा पंढरपूर ते मिरज हा १९२७ मध्ये पूर्ण झाला. सांगोले, जत रोड, ढालगाव, कवठे महांकाळ, सलगरे व आरग ही त्यावरील काही स्थानके. कॅलथ्रॉपचे निधनही याच वर्षी झाले.

या विस्तारामुळे मार्गाच्या स्वरूपात महत्त्वाचा बदल झाला. मूळ मार्ग एका बाजारपेठेला मुख्य मार्गाशी जोडणारी एक लहान शाखा होती. आता तो कृष्णेच्या खोऱ्यापासून मांजरेच्या खोऱ्यापर्यंत जाणारा, मुख्य मार्गाला मध्ये कुर्डुवाडी येथे छेदणारा स्वतंत्र आडवा मार्ग बनला. ब्रिटिश मुलूख, दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने व निजामाचे राज्य या तीन राजकीय विभागांतून तो जात होता. संस्थानी हद्दीत शिरणाऱ्या मालावर हैदराबाद राज्यात करोडगिरी हे जकातीसारखे शुल्क आकारले जाई. रुळांनी जोडलेला प्रदेश राज्यकारभाराने जोडलेला नव्हता. ही स्थिती १९४८ मधील हैदराबादच्या विलीनीकरणापर्यंत व पुढे १९५६ मधील राज्यपुनर्रचनेपर्यंत कमीअधिक प्रमाणात टिकली.

स्थानके व वाहतूक : या मार्गावरील बहुसंख्य स्थानके लहान खेड्यांची किंवा खेड्यांपासून काही अंतरावर, माळावर उभी असलेली होती. मार्ग एकेरी असल्याने समोरासमोरून येणाऱ्या गाड्या स्थानकावरच एकमेकींना ओलांडू शकत. त्यामुळे एका गाडीला उशीर झाला, की दुसरीलाही वाट पाहत थांबावे लागे. वाफेच्या एंजिनांना वाटेत पाणी भरावे लागे. ज्या भागात माणसांना व जनावरांनाच उन्हाळ्यात पाणी पुरत नसे, त्या भागात एंजिनासाठी पाण्याचा खात्रीचा साठा राखणे हा मार्ग चालविण्यातील कायमचा प्रश्न होता.

औसा व जत या गावांपासून मार्ग दूर असल्याने तेथील जवळच्या स्थानकांना अनुक्रमे औसा रोड व जत रोड अशी नावे मिळाली. उस्मानाबाद हे जिल्ह्याचे ठाणे असूनही मार्गावर नव्हते. तेथील लोकांना येडशी स्थानक गाठावे लागे. याउलट कसबे तडवळे हे खेडे असून मार्गावर होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये या गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महार व मांग समाजांची परिषद भरली होती. प्रशासकीय मानाने दुय्यम असलेली काही गावे रेल्वेमुळे बाहेरच्या जगाच्या अधिक जवळ आली, तर काही महत्त्वाची गावे तिच्यापासून दूर राहिली. लोहमार्गाच्या आखणीचा हा परिणाम पुढे दीर्घकाळ जाणवत राहिला.

मालवाहतुकीत कापूस, भुईमूग व इतर तेलबिया, डाळी, ज्वारी हा माल बाहेर जाई व मीठ, कापड, घासलेट, लोखंडी सामान, इमारती लाकूड आत येई. लातूर ही पुढे मराठवाड्यातील अग्रेसर बाजारपेठ बनली. तिच्या वाढीत १९११ पासून मिळालेल्या या सोयीचा मोठा वाटा आहे. मात्र रुळमाप निराळे असल्याची किंमत कुर्डुवाडीला मोजावी लागे. अरुंदमापी वाघिणी रुंदमापी मार्गावर जाऊ शकत नसल्याने प्रत्येक पोते व प्रत्येक गासडी तेथे एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. हमालांना त्यातून काम मिळे. व्यापाऱ्यांना मात्र विलंब, नासधूस व जादा खर्च सोसावा लागे. मिरज येथेही हीच स्थिती होती. पुणे–मिरज मार्ग १९७१ मध्ये रुंदमापी झाल्यानंतर तेथे काही काळ रुंद, मीटर व अरुंद अशी तिन्ही मापे एकत्र नांदत होती.

प्रवासी वाहतुकीत पंढरपूरच्या यात्रांना पहिले स्थान होते. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी या चार वाऱ्यांपैकी आषाढी व कार्तिकीला गर्दी सर्वाधिक असे. दिंडीबरोबर पायी जाण्याची प्रथा रेल्वेमुळे मोडली नाही. पायी गेलेले वारकरी परत फिरताना गाडीचा आधार घेत, आणि वृद्ध, आजारी व लांबच्या भाविकांना गाडीमुळेच यात्रा शक्य होई. परतीच्या दिवशी एकाच वेळी लोटणाऱ्या गर्दीला प्रवासी डबे पुरत नसल्याने मालवाघिणींतूनही यात्रेकरूंची वाहतूक होत असे. वर्षाचे बरेच दिवस रिकाम्या धावणाऱ्या गाड्या व काही दिवस त्यांत न मावणारी गर्दी, असा हा विषम व्यवहार होता. एरवी बाजारहाट, शाळा-कचेरी व सोयरीक यांसाठी जवळच्या दोन-तीन स्थानकांपुरता प्रवास करणारे खेडूत हाच या गाड्यांचा नित्याचा प्रवासी वर्ग होता.

कुर्डुवाडी येथे कंपनीचे भारतातील मुख्य केंद्र व एंजिने-डबे यांच्या दुरुस्तीचा कारखाना होता. त्यांमुळे एका खेड्याचे रूपांतर रेल्वे कामगारांच्या वस्तीत व पुढे नगरात झाले. ‘बार्शी रोड’ हे स्थानकाचे नावही मागे पडून कुर्डुवाडी हेच नाव रूढ झाले.

अधिग्रहण व कामगारांचा दावा : करारातील तरतुदीनुसार भारत सरकारने डिसेंबर १९५२ मध्ये कंपनीला सूचना दिली व १ जानेवारी १९५४ पासून उपक्रम स्वतःकडे घेतला. तत्पूर्वी नोव्हेंबर १९५३ मध्ये कंपनीने आपल्या सर्व कामगारांना सेवासमाप्तीची नोटीस दिली. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार नव्याने नोकरीत घेईल, असे तीत नमूद केलेले होते. बहुतेक कामगार त्याप्रमाणे सरकारी रेल्वेत दाखल झाले. परंतु कंपनीकडील प्रदीर्घ सेवा अशा रीतीने संपविण्यात आल्याने ही कामगार कपात ठरते व औद्योगिक विवाद अधिनियमाप्रमाणे तिची भरपाई मिळाली पाहिजे, अशी मागणी कामगार संघटनेने केली. मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २७ नोव्हेंबर १९५६ रोजी तो फिरविला. चालू उद्योगातील अतिरिक्त कामगार कमी करणे म्हणजे कपात. उद्योग खरोखरीच बंद झाला किंवा त्याची मालकी बदलली म्हणून सर्वांची सेवा संपली, तर ती कपात नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. या अपिलाबरोबरच बडोद्याच्या एका गिरणीसंबंधीचे अपीलही निकालात निघाले.

या निकालामुळे देशभरातील कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला. मालकाने कारखाना विकला किंवा बंद केला, तर अनेक वर्षे काम केलेल्या कामगारालाही भरपाईचा हक्क उरत नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन कलम २५ फफ व २५ फफफ यांना आजचे स्वरूप देण्यात आले व त्यांचा अंमल २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून मानण्यात आला. पहिले कलम उपक्रमाच्या हस्तांतरणाविषयी व दुसरे उद्योग बंद होण्याविषयी आहे. नव्या मालकाकडे सेवा अखंड राहिली व तिच्या अटी पूर्वीपेक्षा कमी हिताच्या नसल्या, तर हस्तांतरणाबद्दल भरपाई मिळत नाही. एरवी ती देणे बंधनकारक ठरले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामगारांना स्वतःच्या दाव्यात यश आले नाही. तथापि त्यांच्या दाव्यातून निर्माण झालेली तरतूद देशातील इतर असंख्य कामगारांना उपयोगी पडली. भारतीय कामगार कायद्याच्या अभ्यासात या लहान रेल्वेचे नाव आजही घेतले जाते, ते यामुळेच.

रुंदमापी रूपांतर : मोटार वाहतुकीची वाढ, विशेषतः १९४८ मध्ये सुरू झालेल्या राज्य परिवहनाच्या बसगाड्यांचा पुढील काळातील विस्तार, यांमुळे अरुंदमापी गाड्यांचे महत्त्व कमी होत गेले. गावात येऊन थांबणाऱ्या बसपुढे माळावरच्या स्थानकातून सुटणारी संथ गाडी मागे पडली. वाफेच्या एंजिनांची जागा डीझेल एंजिनांनी घेतली, तरी वेगाची व माल बदलण्याची मूळ अडचण कायम राहिली. हलका आसभार हा या मार्गाच्या जन्मकाळचा सर्वांत मोठा गुण होता. जड मालगाड्यांच्या काळात तोच त्याचा सर्वांत मोठा दोष ठरला.

कुर्डुवाडी–पंढरपूर हा टप्पा एकविसाव्या शतकाच्या आरंभी, लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये, उस्मानाबाद–कुर्डुवाडी २००८ मध्ये आणि पंढरपूर–मिरज २०१०–११ च्या सुमारास रुंदमापी झाला. नव्या आखणीत मार्ग येडशीपासून वळवून उस्मानाबादला नेण्यात आला. त्यामुळे जवळजवळ शंभर वर्षे मार्गापासून वंचित राहिलेल्या त्या शहरात रेल्वे आली. मात्र मूळ आखणीवरील काही भागांतील भराव व लहान पूल वापराविना राहिले. लातूर रोडमार्गे पूर्वेकडील लोहमार्गांशीही लातूर जोडलेले असल्याने मिरजपासून निघालेला हा आडवा मार्ग मराठवाडा व तेलंगणपर्यंत सलग झाला.

या बदलाचा उपयोग लवकरच एका कठीण प्रसंगी दिसून आला. २०१५–१६ च्या अवर्षणात लातूर शहराचा पाणीपुरवठा कोलमडला. तेव्हा एप्रिल २०१६ पासून मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेने लातूरला नेण्यात आले. १० टाकी-वाघिणींची, सु. ५ लाख लिटर पाणी असलेली पहिली गाडी १२ एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. त्यानंतर ५० वाघिणींच्या गाड्या धावू लागल्या. मिरज ते लातूर हे अंतर अरुंदमापी मार्गाने मूलतः जोडलेलेच होते. परंतु जुन्या रुळांवरून एवढा भार एका गाडीत नेणे शक्य नव्हते, आणि पाण्यासारखी वस्तू वाटेत एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत भरणेही व्यवहार्य नव्हते. त्याच पट्ट्यातील सांगोले स्थानकातून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी ‘किसान रेल’ पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. डाळिंबासाठी प्रसिद्ध असलेल्या या दुष्काळी तालुक्याचा नाशवंत माल मार्गावर कोठेही न बदलता दूरच्या बाजारपेठेत पोहोचू शकला. लातूरजवळील हरंगुळ या लहान स्थानकाच्या परिसरात रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली.

महत्त्व : बार्शी लाइट रेल्वेचे मूल्यमापन केवळ तिच्या नफ्यातोट्यावरून करता येत नाही. तिच्या आखणीमागील विचार असा होता, की गरीब प्रदेशाने पूर्ण क्षमतेच्या मार्गाची वाट पाहत बसण्यापेक्षा आज परवडेल असा हलका मार्ग आज घ्यावा. त्यातून रुळमाप भेदाचे ओझे आले व ते शंभर वर्षे वागवावे लागले, हा त्या विचाराचा तोटा होय. पण त्याच निर्णयामुळे मिरज ते लातूर या पट्ट्यात जमिनीची पट्टी, भराव, स्थानके व रेल्वेवर जगणारी गावे तयार झाली आणि पुढील पिढ्यांना रूळ बदलण्याचे काम बव्हंशी तयार पायावर करता आले. दुष्काळाच्या वर्षी सुरू झालेल्या या मार्गाला एकशेएकोणीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळात पाणी वाहावे लागले. हा प्रदेश मूलतः बदललेला नाही व त्याला बाहेरच्या मुलखाशी जोडणाऱ्या साधनाची गरजही संपलेली नाही, असा त्याचा अर्थ आहे. [→ दुष्काळ, पंढरपूर, रेल्वे, लातूर].